बायोसमधलं एक बटण आणि १९७४ सालचं एक प्रमेय

विज्ञान शाखेतून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आज ना उद्या लिनक्स लागतंच. भाट्ये खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंच्या डीएनएचं विश्लेषण करायचं असो, रेणूंचं सिम्युलेशन असो की उपग्रहाच्या चित्रांवरून कांदळवनाचं क्षेत्र मोजायचं असो, त्यासाठीची बरीचशी मोफत सॉफ्टवेअर्स लिनक्सवरच वाढलेली आहेत. आणि घरात लॅपटॉप एकच असतो, तोही विंडोजचा. मग कुणीतरी सांगतं, ‘व्हर्च्युअलबॉक्स टाक, विंडोजच्या आतच लिनक्स चालेल.’ तुम्ही ते टाकता, लिनक्सची फाइल जोडता, ‘स्टार्ट’ दाबता आणि पडद्यावर येतं : व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ शोधायचा, लॅपटॉप रिस्टार्ट करायचा, एफ२ किंवा एफ१० दाबत राहायचं, निळ्या-काळ्या पडद्यावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ शब्द असलेली ओळ शोधायची, ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ करायचं, सेव्ह करून बाहेर. पाच मिनिटांचं काम.

पण इथे दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याने ते विचारायलाच हवेत. एक, संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवायला प्रोसेसरमध्ये खास सोय का लागावी? दोन, ती सोय आपण विकत घेतलेल्या चिपमध्ये आहे, तर कंपनीने ती बंद करून का दिली? दोन्ही उत्तरं एका शोधनिबंधापाशी जाऊन पोहोचतात. तो १९७४ सालचा आहे, जेमतेम दहा पानांचा आहे, आणि त्याचा उल्लेख करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यातला एक शब्द नीट वाचलेला नसतो.

राजवाडा राजाचा, हुकूम दुसऱ्याचा

आधी मूळ अडचण समजून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची राजा असते. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहील, कुठला प्रोग्रॅम किती वेळ चालेल, हे सगळं तीच ठरवते. त्यासाठी प्रोसेसर तिला खास अधिकार देतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या अधिकाराच्या पातळ्यांना ‘रिंग’ म्हणतात : रिंग शून्य म्हणजे सर्वाधिकार, रिंग तीन म्हणजे साधा प्रोग्रॅम. आता एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स एकाच वेळी चालवायचे, तर दोन राजे झाले. दोघांनाही वाटणार की सिंहासन आपलं.

रत्नागिरीकरांना हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून पूर्ण झाला, तोच आपला थिबा पॅलेस. १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाड्याच्या आत तो राजाच होता, पण त्याची कुठलीही महत्त्वाची मागणी देखरेखीवरच्या अधिकाऱ्यामार्फत वर जायची, आणि काय द्यायचं, काय नाही, हे मुंबई सरकार ठरवायचं.

व्हर्च्युअल मशीनची रचना अशीच आहे. आतल्या पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण ‘गेस्ट’ म्हणू. तिला एक राजवाडा दिलेला असतो आणि खरे अधिकार काढून घेतलेले असतात. तिने राजासारखा हुकूम सोडला की पहाऱ्यावरचा अधिकारी तो अडवतो, तपासतो आणि योग्य वाटेल तेवढंच करून ‘झालं’ असं कळवतो. या अधिकाऱ्याचं नाव हायपरवायझर. फरक एवढाच की थिबाला आपण कैदेत आहोत हे पक्कं ठाऊक होतं. गेस्टला ते कळू नये अशी इथे अपेक्षा असते.

सगळी गंमत ‘अडवतो’ या शब्दात आहे. हुकूम अडवला गेलाच नाही तर?

केंब्रिजपासून कुलाब्यापर्यंत

हा प्रकार लॅपटॉपच्या काळातला नाही. १९६४ च्या अखेरीस आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली सीपी-४० नावाचं काम सुरू झालं. जानेवारी १९६७ पर्यंत ते रोजच्या वापरात आलं. एका सिस्टीम/३६० यंत्रावर जास्तीत जास्त १४ आभासी यंत्रं चालत आणि प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे की पूर्ण संगणक आपलाच. कारण साधं होतं : त्या काळी संगणक खोलीएवढे आणि अतिशय महाग. एक यंत्र दहा जणांना वाटून द्यायचं, तेही एकाची चूक दुसऱ्याला भोवू न देता. लक्षात ठेवा, हे करण्यासाठी त्या यंत्राच्या हार्डवेअरमध्येच बदल करावे लागले होते. पत्ते बदलून देणारी खास मेमरी बसवली होती. म्हणजे ‘चिपची मदत’ ही कल्पना पहिल्या दिवसापासून होती. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणलं आणि ही गोष्ट प्रयोगशाळेतून व्यापारात गेली.

याच काळात आपल्याकडे काय होतं? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने सॉफ्टवेअर विकासाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने तिथे डेकसिस्टीम-१० हा संगणक आला. अनेक जण एकाच वेळी टर्मिनलवर बसून काम करू शकतील असं हे यंत्र. भारतातल्या प्रोग्रॅमरांची एक पिढी त्यावर शिकली. या यंत्राचा प्रोसेसर पीडीपी-१० जातीचा होता. हे नाव लक्षात ठेवा, कारण ज्या निबंधाबद्दल आपण बोलणार आहोत त्यात हेच यंत्र उदाहरण म्हणून येतं, आणि तेही ‘इथे गाडी अडते’ याचं उदाहरण म्हणून.

प्रमेय नेमकं काय म्हणतं

जुलै १९७४. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांचा निबंध छापून आला. प्रश्न असा : एखादा प्रोसेसर आभासी यंत्र चालवायला योग्य आहे की नाही, हे त्याच्या आज्ञांची यादी बघून ठरवता येईल का?

त्यांनी आधी खऱ्या हायपरवायझरच्या तीन कसोट्या सांगितल्या. पहिली, आतला प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा वागतो तसाच इथेही वागला पाहिजे. दुसरी, यंत्राची साधनं पूर्णपणे हायपरवायझरच्या ताब्यात राहिली पाहिजेत. तिसरी, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, नाहीतर सगळं इतकं संथ होईल की उपयोग नाही.

मग त्यांनी आज्ञांचे दोन गट पाडले. ज्या आज्ञा साध्या प्रोग्रॅमने दिल्या तर प्रोसेसर थांबून ऑपरेटिंग सिस्टीमकडे तक्रार करतो, त्या ‘विशेषाधिकाराच्या’ आज्ञा. आणि ज्या यंत्राची साधनं किंवा अधिकाराची पातळी बदलतात, किंवा ज्यांचं उत्तर त्या पातळीवर अवलंबून असतं, त्या ‘संवेदनशील’ आज्ञा. प्रमेय असं : सगळ्या संवेदनशील आज्ञा विशेषाधिकाराच्या गटात बसत असतील, तर हायपरवायझर बांधता येतो. कारण मग गेस्टचा प्रत्येक नाजूक हुकूम आपोआप पहाऱ्यावर अडेल.

पीडीपी-१० वर एक आज्ञा होती, जेआरएसटी १. तिचं काम राजाच्या पातळीवरून साध्या पातळीवर परत जाणं. ही आज्ञा संवेदनशील आहेच. पण साध्या पातळीवर असताना ती दिली, तर प्रोसेसर तक्रार करत नाही, फक्त पुढच्या जागी उडी मारतो. आता गेस्ट ऑपरेटिंग सिस्टीम तर मुळातच साध्या पातळीवर बसवलेली. तिने म्हटलं, ‘मी आता सिंहासनावरून उतरते.’ प्रोसेसर गप्प. हायपरवायझरला पत्ताच नाही. त्याच्या वहीत ती अजून सिंहासनावरच. इथून पुढे हिशेब चुकत जातो.

आता तो शब्द. प्रमेयातली अट ‘पुरेशी’ आहे. ती ‘आवश्यक’ आहे असं निबंध म्हणत नाही. गणिताच्या पहिल्या वर्षाला आपण हा फरक शिकतो : पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही. अट पुरी झाली तर हायपरवायझर नक्की बांधता येतो. अट पुरी झाली नाही तर काय, याबद्दल हे प्रमेय गप्प आहे. उलट त्याच निबंधात पुढे पीडीपी-१० साठी एक वाटही दाखवली आहे : गेस्ट राजाच्या भूमिकेत असेल तेवढा वेळ तिची प्रत्येक आज्ञा सॉफ्टवेअरने एकेक करून वाचायची, आणि ती प्रजेच्या भूमिकेत गेली की प्रोसेसरवर थेट सोडायची. संथ, पण शक्य.

निबंधातली अजून एक ओळ पुढे कामाला येणार आहे. ‘तसाच वागला पाहिजे’ या पहिल्या कसोटीला त्यांनी दोन अपवाद ठेवले : लागणारा वेळ आणि उपलब्ध साधनं. म्हणजे उत्तर तेच येईल, पण ते किती वेळात येईल याची हमी नाही.

सतरा आज्ञा

पुढची वीसेक वर्षं हा निबंध बाजूला पडला. कारण संगणक स्वस्त झाले. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचं यंत्र आलं, मग एक यंत्र दहा जणांत वाटायचं कशाला? इंटेलने ८०२८६ (१९८२) आणि ८०३८६ (१९८५) मध्ये रिंगांची व्यवस्था आणली, पण ती करताना आभासी यंत्राचा विचार नव्हता. ३८६ मध्ये जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवायला एक छोटी सोय होती, एवढंच.

सन २००० मध्ये जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियम प्रोसेसरच्या सुमारे अडीचशे आज्ञा पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या चाळणीतून काढल्या. सतरा आज्ञा चाळणीतून निसटल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध ‘पॉपएफ’. ही आज्ञा प्रोसेसरच्या खुणा बदलते, त्यात ‘मला मध्येच थांबवू नका’ अशी एक खूण असते. रिंग शून्यमध्ये ती खूण बदलते. साध्या पातळीवर ती बदलत नाही, आणि प्रोसेसर काही बोलतही नाही. राजाने हुकूम सोडला, कुणी ऐकला नाही, कुणी अडवलाही नाही. आपला पीडीपी-१० चाच रोग, सतरा ठिकाणी.

यावरून सगळीकडे एक वाक्य रूढ झालं : ‘एक्स८६ वर व्हर्च्युअलायझेशन शक्य नाही.’ पुरेशी अट पुरी होत नाही, हे खरं. ‘शक्य नाही’, हे मात्र खोटं. आणि ते खोटं ठरवणारं सॉफ्टवेअर तेव्हा दुकानात विकत मिळत होतं!

१९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम, एदुआर बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी ‘डिस्को’ नावाच्या संशोधनातून ही जुनी कल्पना परत वर काढली. १९९८ मध्ये त्यांनी डायन ग्रीन आणि एडवर्ड वँग यांच्यासह व्हीएमवेअर कंपनी काढली आणि १९९९ मध्ये साध्या पीसीवर चालणारं वर्कस्टेशन बाजारात आणलं. त्यांची युक्ती अशी : गेस्टच्या साध्या प्रोग्रॅमना प्रोसेसरवर थेट चालू द्यायचं. पण तिच्या राजाच्या भूमिकेतला कोड चालवण्याआधी वाचायचा, त्यातल्या त्या निसटणाऱ्या आज्ञा काढून त्यांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालायच्या, आणि हा भाषांतरित कोड साठवून परत परत वापरायचा. १९७४ च्या निबंधाने पीडीपी-१० साठी दाखवलेली वाट आठवते ना? दिशा तीच, फक्त एकेक आज्ञा दर वेळी वाचण्याऐवजी एकदाच भाषांतर करून ठेवायचं, त्यामुळे वेग आला.

२००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ आलं. त्यांचं म्हणणं वेगळं : गेस्टपासून लपवायचंच कशाला? तिच्या कोडमध्येच बदल करू, म्हणजे ती स्वतःहून पहाऱ्यावर येऊन परवानगी मागेल. लिनक्ससारख्या खुल्या सिस्टीमला हे जमतं. विंडोजचा कोड आपल्या हातात नाही, म्हणून तिथे अडतं.

चिपने अट पुरी केली, आणि वेग कमी भरला

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने व्हीटी-एक्स असलेले पहिले पेंटियम ४ आणले. मे २००६ मध्ये एएमडीने आपली सोय आणली, तिचं तांत्रिक नाव एसव्हीएम. म्हणून एएमडीच्या मशीनवर बायोसमध्ये ‘एसव्हीएम मोड’ असं दिसतं आणि इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘व्हीटी-एक्स’. बटण एकाच कामाचं.

दोघांनीही सतरा आज्ञा दुरुस्त करत बसण्याऐवजी एक नवीन मजला बांधला. प्रोसेसरला दोन अवस्था दिल्या : एक हायपरवायझरसाठी, एक गेस्टसाठी. गेस्टच्या अवस्थेत चारही रिंग पूर्वीसारख्याच आहेत. तिला हवं तर रिंग शून्यवर बसू द्या. पण ठरवून दिलेल्या गोष्टी तिने केल्या की प्रोसेसर तिची सगळी स्थिती एका नोंदीत साठवतो आणि ताबा हायपरवायझरकडे देतो. या बाहेर पडण्याला ‘एक्झिट’ म्हणतात. १९७४ ची अट ३१ वर्षांनी पीसीवर पुरी झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम आलं, ते तर या सोयीवरच उभं होतं.

आता तुम्हाला वाटेल, चिपची मदत आली म्हणजे वेग वाढला असणार. ऑक्टोबर २००६ मध्ये व्हीएमवेअरच्या कीथ अ‍ॅडम्स आणि ओले अ‍ॅगेसन यांनी हे मोजून पाहिलं. एकीकडे कोड भाषांतराची जुनी पद्धत, दुसरीकडे व्हीटी-एक्स. निष्कर्ष : पहिल्या पिढीची चिपची सोय बऱ्याच कामांत सॉफ्टवेअरपेक्षा मागे पडत होती. कारणं दोन. प्रत्येक एक्झिटला शेकड्यांनी क्लॉक सायकल खर्च होत, आणि मेमरीचे पत्ते बदलून देण्याच्या कामात चिपची मदत अजून नव्हतीच, त्यामुळे तिथे वारंवार एक्झिट व्हायच्या. भाषांतरित कोड हीच कामं बाहेर न पडता उरकायचा.

हे वाचताना तुम्ही विचारायला हवं : भाषांतराची पद्धत विकणाऱ्या कंपनीचेच लोक भाषांतर चांगलं म्हणतायत, विश्वास का ठेवायचा? रास्त शंका. पण निबंध उघडून पाहा. त्यांनी चिप कुठे जिंकते तेही दाखवलंय (गेस्ट मेमरीला हात न लावता नुसते सिस्टीम कॉल करत असेल तिथे), कुठे हरते तेही, आणि पत्ते बदलण्याची मदत चिपमध्ये आली की चित्र पालटेल हेही लिहून ठेवलंय. तसंच झालं. २००७ मध्ये एएमडीने आणि २००८ मध्ये इंटेलने ती सोय आणली आणि पारडं फिरलं. डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ आवृत्तीने चिपच्या मदतीशिवाय चालण्याची सोयच काढून टाकली. तुमच्या पडद्यावरचा तो निरोप इथून येतो. पूर्वी बटण बंद असतानाही व्हर्च्युअलबॉक्स रडतखडत ३२ बिटचं लिनक्स चालवून दाखवायचा, आता सरळ नाही म्हणतो.

मग बटण बंद का?

ऑगस्ट २००६ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत पोलंडच्या जोआना रुटकोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ दाखवली. एएमडीच्या नव्या सोयीचा वापर करून त्यांचा प्रोग्रॅम चालू असलेल्या विंडोज व्हिस्टाच्या खाली सरकायचा. रिस्टार्ट नाही, काही नाही. मालक असलेली विंडोज एका क्षणात गेस्ट होऊन जायची आणि तिला ते कळायचं नाही. त्याच परिषदेत डिनो दाय झोवी यांनी इंटेलवर असाच प्रकार दाखवला. राजा झोपेतच थिबा झाला म्हणा.

याला तोड म्हणून चिपमध्ये आधीपासून एक कुलूप होतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक छोटी नोंद असते. तिचा एक बिट म्हणतो ‘ही सोय चालू’, दुसरा म्हणतो ‘आता कुलूप’. संगणक सुरू होताना बायोस हे दोन्ही बिट लिहितो. कुलूप लागलं की यंत्र रीसेट होईपर्यंत विंडोजलाही ते बदलता येत नाही, लिनक्सलाही नाही, व्हायरसलाही नाही. म्हणूनच हे बटण विंडोजच्या सेटिंगमध्ये न मिळता बायोसमध्ये मिळतं आणि म्हणूनच रिस्टार्ट करावं लागतं.

ज्याला ही सोय लागते असे ग्राहक थोडे आणि धोका सगळ्यांना, असा हिशेब करून बऱ्याच कंपन्यांनी ती बंद ठेवूनच लॅपटॉप विकले. काहींनी तर बायोसमध्ये बटणच दिलं नाही. २००९ मध्ये विंडोज ७ आलं, त्यात जुने प्रोग्रॅम चालवायला ‘एक्सपी मोड’ होता आणि त्याला चिपची सोय लागायची. तेव्हा सोनीच्या वायो लॅपटॉपच्या ग्राहकांना कळलं की चिपमध्ये सोय आहे, पण ती चालू करायला जागाच नाही. कंपनीकडून सुरक्षिततेचं कारण सांगण्यात आलं. शेवटी मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोडसाठीची ही अटच काढून टाकली.

ब्लू पिल खरंच कधीच पकडता येणार नाही का, यावर पुढे बराच वाद झाला. विरोधकांचं मुख्य हत्यार होतं घड्याळ : एक्झिट होणाऱ्या आज्ञेला जास्त वेळ लागतो, तो बाहेरच्या घड्याळाने मोजा, चोर सापडेल. १९७४ च्या निबंधातला अपवाद इथे परत येतो. उत्तर तेच, वेळ वेगळा.

आज तुमच्या लॅपटॉपवर

गंमत म्हणजे ज्या सोयीची सुरक्षिततेसाठी भीती होती, तीच आज सुरक्षिततेसाठी चालू ठेवतात. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या मशीनवर विंडोजच मुळात स्वतःच्या हायपरवायझरवर बसलेली असते, आणि पासवर्डसारख्या नाजूक गोष्टी एका वेगळ्या कप्प्यात ठेवते. म्हणजे ‘मी व्हर्च्युअल मशीन वापरतच नाही’ असं म्हणणारा माणूसही तिच्या आत असू शकतो.

याचे तुमच्यापुरते परिणाम असे.

बटण हात न लावता बघता येतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा, खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे चालू की बंद ते लिहिलेलं असतं. चालू असेल तर बायोसमध्ये जायची गरजच नाही. बंद असेल आणि एफ२, एफ१० किंवा डिलीट वेळेवर दाबणं जमत नसेल, तर विंडोजच्या ‘रिकव्हरी’ सेटिंगमधून ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप’ने थेट बायोसमध्ये जाता येतं. त्याआधी बिटलॉकर चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते, आणि की नसेल तर डेटा अडकतो. शोधप्रबंधाचा डेटा असेल तर हा मुद्दा दोनदा वाचा.

बायोसमध्ये ‘व्हीटी-डी’ असंही काहीतरी दिसेल. ते वेगळं : ग्राफिक्स कार्डासारखं एखादं उपकरण थेट गेस्टच्या हवाली करण्यासाठी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवायला ते लागत नाही.

सगळं चालू असूनही व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं, तर समजा की चिपचा ताबा विंडोजच्या हायपरवायझरकडे आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत, म्हणून संथ चाललाय. एका सिंहासनावर दोन पहारेकरी मावत नाहीत. अशा वेळी विंडोजचंच लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, वापरणं बहुधा सोपं जातं. त्याची दुसरी आवृत्ती त्याच हायपरवायझरवर चालते. कासव घालवायला विंडोजची सुरक्षेची सोय बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. करण्याआधी काय गमावतोय ते समजून घ्या. रोजच्या बँकेच्या कामाच्या लॅपटॉपवर मी तो सल्ला देणार नाही.

आणि बटण बंद कधी ठेवावं? नुसतं चालू असल्याने संगणक हळू होत नाही. हायपरवायझर प्रत्यक्ष चालू असेल तरच फरक पडतो. पण वेळ हेच तुमचं मोजमाप असेल, म्हणजे दोन अल्गोरिदमची तुलना, उपकरणातून ठरावीक अंतराने येणारे आकडे, मायक्रोसेकंदांचे प्रयोग, तर खाली हायपरवायझर आहे की नाही हे माहीत हवंच. व्हर्च्युअल मशीनमध्ये काढलेला रेणूचा ऊर्जांक किंवा जिवाणूंची यादी बरोबरच असेल. तिथे काढलेले सेकंद मात्र त्या यंत्राचे, त्या सेटिंगचे, त्या दिवसाचे.

म्हणून एक सवय लावून घ्या. प्रयोगवहीत आपण तापमान लिहितो, द्रावणाचा बॅच नंबर लिहितो. तसंच संगणकावरच्या प्रयोगात प्रोसेसरचं नाव, होस्ट आणि गेस्ट सिस्टीमच्या आवृत्त्या, व्हर्च्युअल मशीनला दिलेले कोअर आणि मेमरी, आणि खाली कुठला हायपरवायझर होता, या चार ओळी लिहा. रत्नागिरीत बसून तुम्ही काढलेला आकडा उद्या पुण्यातल्या किंवा पवईतल्या कुणाला परत काढायचा असेल, तर त्याला हे लागणार आहे. सहा महिन्यांनी तुम्हालाही लागेल.

आणि पोपेक-गोल्डबर्ग एकदा मूळातून वाचा. गणित फार अवघड नाही, संचांची प्राथमिक भाषा आली की पुरे. वाचताना प्रमेयातली अट पुरेशी आहे की आवश्यक, आणि व्याख्येतले अपवाद कुठले, या दोनच गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारा. पहिली रेघ न मारणाऱ्यांनी ‘शक्य नाही’ असं वर्षानुवर्षं लिहिलं आणि ती रेघ ओळखणाऱ्यांनी कंपनी काढली. दुसरी रेघ तुमच्या निकालांच्या तक्त्यात, वेळेच्या रकान्यावर, रोज कामाला येईल.